आधार आणि आहार

वनस्पतीचे नाव घेऊन माणसाला हिणवण्याची जी थोडी उदाहरणे मराठीत आहेत, त्यांत ‘बांडगूळ’ हा शब्द सर्वांत बोचरा म्हणावा लागेल. घरात बसून खाणारा भाऊ, संस्थेच्या पैशावर मिरवणारा पदाधिकारी, अनुदानावर तगून राहिलेले मंडळ, आणि प्रसंगी परप्रांतात येऊन स्थिरावलेला एखादा अख्खा समाज, या सर्वांवर हा एकच शब्द फेकला जातो. या शब्दामागे एक गृहीत दडलेले आहे. जो जमिनीत मुळे रोवून उभा आहे तो स्वावलंबी, म्हणून सज्जन. आणि जो जमिनीपासून वर, दुसऱ्याच्या अंगाखांद्यावर राहतो तो ऐतखाऊ, म्हणून दोषी. हे गृहीत आपण सहसा तपासत नाही. ते तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या आमच्यासारख्यांच्या दृष्टीने हा केवळ वनस्पतिशास्त्राचा प्रश्न नाही, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको.

प्रथम कोशाकडे वळू. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात बांडगुळासाठी ‘वन्दा’ या शब्दाबरोबर ही नावेही दिलेली आहेत: ‘वृक्षादनी’ आणि ‘वृक्षरुहा’. वृक्षादनी म्हणजे झाडाला खाणारी. वृक्षरुहा म्हणजे झाडावर उगवलेली. एकाच वनस्पतीची ही दोन नावे शेजारी शेजारी ठेवून वाचली की विचाराला चालना मिळते. दुसरे नाव फक्त ठिकाण सांगते. पहिले नाव कृती सांगते, किंबहुना आरोप करते. ‘तू कोठे आहेस’ आणि ‘तू काय करतोस’ हे दोन निराळे प्रश्न आहेत, याचे भान शब्दांच्या पातळीवर तरी आपल्या परंपरेत होते. व्यवहारात मात्र पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसरा प्रश्न विचारण्याची गरजच आपल्याला वाटेनाशी होते. झाडावर आहे ना, मग झाडाला खातच असणार, असा आपला सरसकट न्याय असतो.

निसर्गातील वस्तुस्थिती या न्यायाला दुजोरा देत नाही. आपल्या परिसरात झाडांवर राहणाऱ्या वनस्पतींचे तीन प्रकार सहज पाहावयास मिळतात.

पहिले बांडगूळच घेऊ. आंब्याच्या फांदीवर वाढणारे, नळीसारख्या तांबूस-केशरी फुलांचे हे झुडूप आपली शोषक मुळे थेट यजमानाच्या लाकडात घुसवते आणि तेथून पाणी व क्षार उचलते. म्हणजे ते चोर आहे हे खरे. परंतु ते पुरते ऐतखाऊ नाही. त्याची पाने हिरवी असतात आणि आपले अन्न ते सूर्यप्रकाशात स्वतःच शिजवते. बांडगुळे फार झाली तर फांदी वाळते, आंब्याचे उत्पन्न घटते, म्हणून बागाईतदार ती काढून टाकतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. पण याच बांडगुळाच्या फुलांतील मधावर शिंजिर जगतात आणि त्याची चिकट फळे खाऊन फुलटोचे त्याचे बी एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेऊन चिकटवतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये संशोधकांनी काही वनखंडांतील सारी बांडगुळे काढून टाकली आणि पुढे काय होते ते पाहिले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाचा निष्कर्ष असा की तीन वर्षांत तेथे कायम वास्तव्य करणाऱ्या वनपक्ष्यांच्या जातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती दिसेनाशा झाल्या. चोर घालवला, आणि घराबरोबर शेजारही ओस पडला.

दुसरा प्रकार आमरींचा. बेळगावच्या पश्चिमेकडील घाटात आणि गोव्याच्या रानात पावसाळ्याच्या तोंडाशी जुन्या झाडांच्या खोडांवरून पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे लांब तुरे लोंबू लागतात. लोक त्यांना ‘सीतेची वेणी’ म्हणतात. हीच आमरी आसामात ‘कोपौ फूल’ म्हणून ओळखली जाते आणि बिहूच्या दिवसांत तेथील मुली ती केसांत माळतात. ही वनस्पती आयुष्यभर झाडावर राहते. पण झाडाकडून ती जागेखेरीज काहीही घेत नाही. तिच्या मुळांवर एक भुसभुशीत पांढरे आवरण असते. पावसाचे आणि दवाचे पाणी ते टिपून घेते. सालीच्या बेचक्यांत साचलेल्या पालापाचोळ्यातून आणि धुळीतून तिला क्षार मिळतात. तिला हवा असतो तो आधार. आहार तिचा तिने पाहिलेला असतो. जमिनीत तिचे मूळ कधीच उतरत नाही, आणि तरी तिला परोपजीवी म्हणणे शास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आहे.

येथवर प्रश्न सोपा वाटतो. आधार घेणे निर्दोष, आहार घेणे सदोष, असा एक नियम करून मोकळे व्हावे असे कोणासही वाटेल. पण तिसरा प्रकार या नियमाला छेद देतो, आणि हा तिसरा प्रकार म्हणजे आपले पूज्य वड आणि पिंपळ.

मैना, बुलबुल किंवा वटवाघूळ यांनी टाकलेल्या विष्ठेतून वडाचे बी एखाद्या ताडाच्या बेचक्यात पडते. रोप रुजते, आणि प्रारंभीची कित्येक वर्षे ते आमरीइतकेच निरुपद्रवी असते. मग त्याची मुळे ताडाच्या अंगावरून खाली उतरू लागतात. ती जमिनीला लागली की वाढीला वेग येतो. मुळे जाड होतात, एकमेकांना मिळतात, ताडाभोवती त्यांची जाळी तयार होते. वरून पर्णसंभार ताडाचा प्रकाश अडवतो. पुढे एक दिवस असा येतो की वड उभा असतो आणि आत ताड नसतो. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की या सर्व काळात वडाने ताडाच्या रसाचा एक थेंबही घेतलेला नाही. आहाराच्या कसोटीवर तो आमरीसारखाच निर्दोष ठरेल. बांडगूळ यजमानाला खाते, पण सहसा त्याला जगू देते, कारण यजमानाच्या जगण्यावरच त्याचे जगणे अवलंबून असते. वड यजमानाला खात नाही, पण त्याला शिल्लक ठेवत नाही. आणि आपण शिवी म्हणून पहिल्याचे नाव घेतो, दुसऱ्याला मात्र दोरा गुंडाळून प्रदक्षिणा घालतो.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. वनस्पतींना पापपुण्य नसते. ताडावर वड वाढला यात ना वडाचा अपराध, ना ताडावर अन्याय. निसर्गात जे घडते त्यावरून माणसाने कसे वागावे हे ठरवणे तर्काला धरून नाही. हा आक्षेप आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. परंतु माणसांना बांडगूळ म्हणताना निसर्गावरून नीतीकडे उडी आपण आधीच मारलेली असते. आमचे म्हणणे एवढेच की उपमा वापरावयाचीच असेल तर ती नीट पाहून वापरावी. आणि नीट पाहिले की ती आरोपाचा पुरावा राहत नाही, ती विचाराचे साधन बनते. आधार आणि आहार या दोन गोष्टींखेरीज आणखी काय तपासावयाचे, हे वडाच्या उदाहरणाने दाखवून दिले आहे. ती तिसरी गोष्ट म्हणजे आपल्या वाढीचा भार, आणि त्या भाराखाली आधार देणाऱ्याला जगण्यापुरती जागा उरते की नाही, हा प्रश्न.

माणसांच्या इमारतींतही हाच प्रश्न आहे, आणि जुन्या कारागिरांनी त्याचे उत्तर हाताने दिले आहे. इंदूरचा होळकरांचा राजवाडा सात मजल्यांचा. त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. जसजसे वर जावे तसतसे हलके होत जावे, हे या रचनेमागील शहाणपण. वरच्या मजल्याला उजेड अधिक, वारा अधिक, दृष्टीला पल्ला अधिक. या लाभांच्या बदल्यात त्याने एक अट पाळावयाची, ती हलके राहण्याची. १९८४ सालच्या आगीत या वास्तूची मोठी हानी झाली. वरचे हलके असते म्हणून ते लवकर नष्टही होते, हे त्या हलकेपणाचे मोल. तथापि वरचा मजला दगडाचा करून खालच्याचे कंबरडे मोडावे, असे म्हणणारा गवंडी आमच्या ऐकिवात नाही.

उंच वास्तूंवर माणसांखेरीज इतरही राहावयास येतात. ग्वाल्हेरहून ओरछ्यास गेले की बेतवेच्या काठी बुंदेल्या राजांच्या छत्र्या दिसतात. त्यांच्या शिखरांच्या कोनाड्यांत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. ही जात मूळची कड्याकपाऱ्यांत राहणारी. राजाच्या स्मारकाची उंची तिला कड्यासारखीच भासते. स्मारक बांधणाऱ्याने तिला बोलावले नव्हते. शिखरावर विष्ठेचे पांढरे ओघळ उतरतात आणि पाहणाऱ्यास ते विटंबनेसारखे वाटू शकतात. पण हा बिनबोलावलेला भाडेकरू काय देत होता, हे तो जाऊ लागल्यावर कळले. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडांच्या प्रमुख जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. असेक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांवरील बंदीस २०२३ साल उजाडावे लागले. गिधाडे गेल्यावर मेलेली गुरे उघड्यावर कुजू लागली, पाणी दूषित झाले, मोकाट कुत्री वाढली. ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक मृत्युमुखी पडली. शिखरावरचे डाग मोजणाऱ्या डोळ्यांना हा हिशेब दिसत नाही. घेतलेली जागा डोळ्यांना दिसते, परत दिलेले बहुधा दिसत नाही. म्हणून वर राहणाऱ्याविषयी निवाडा करताना घाई करू नये, असे आम्हांस वाटते.

याच्या उलट अशीही उदाहरणे आहेत जेथे दाक्षिण्याने घात केला आहे. जुन्या देवळाच्या शिखरावर किंवा वाड्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला असेल. चुन्याचा दर्जा ओल धरून ठेवतो आणि रोपाला तेवढे पुरते. दोन पानांचे असते तेव्हा ते लहान मूलही उपटू शकेल. पण पिंपळ तोडू नये अशी श्रद्धा. शिवाय शिडी कोणी आणावयाची हा प्रश्न. आणि इमारत सर्वांच्या मालकीची म्हणून जबाबदारी कोणाचीच नाही. दहा-वीस वर्षे जातात. मुळे दगडांच्या सांध्यांत शिरून जाड होतात आणि सांधे उकलतात. नंतर वरवर छाटले तर ते पुन्हा फुटते. ओढून काढावे तर मुळांबरोबर दगडही निघतो. वास्तुसंवर्धन करणाऱ्यांना मग बुंधा कापून, औषध घालून मूळ आतल्या आत मारावे लागते, आणि मेलेले मूळ भिंतीतच ठेवावे लागते.

या कथेचा शेवटचा टप्पा पाहावयाचा तर कंबोडियातील ता प्रोह्‌म येथे जावे लागेल. सातव्या जयवर्मन राजाने ११८६ साली उभारलेल्या या बौद्ध मठावर शतकानुशतके रान वाढले. विसाव्या शतकात फ्रेंच संशोधकांनी आंग्कोरची अनेक मंदिरे मोकळी केली, पण हे एक बरेचसे होते तसेच राहू दिले. चालू शतकाच्या पहिल्या दशकापासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते तेथील जतनकार्यात सहभागी आहे. त्यांच्यापुढील पेच असा की प्रचंड वृक्षांची मुळे भिंतींना फाडतही आहेत आणि धरूनही आहेत. झाड काढावे तर भिंत ढासळेल. ठेवावे तर हळूहळू तीच गत होईल. आणि झाड वयोमानाने कोसळले तर दोन्ही जातील. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हा प्रश्नच तेथे निरर्थक झाला आहे. दोघांचे मरण एक झाले आहे. अशा वेळी न्यायनिवाडा करावयाचा नसतो, टेकू द्यावयाचे असतात. निवाड्याची वेळ रोप दोन पानांचे होते तेव्हा होती. आणि तेव्हा करावयाची गोष्ट कठोरही नव्हती. ते रोप अलगद काढून मोकळ्या माळावर लावले असते तर देऊळही उभे राहिले असते आणि वाटसरूंना सावलीही मिळाली असती.

आता ज्याच्यावर हे सारे वाढते त्या यजमानाकडे क्षणभर पाहू. ज्या आंब्यावर बांडगूळ आले म्हणून आपण हळहळतो, तो हापूस आंबा तरी स्वतःच्या मुळांवर उभा आहे काय? हापूस हे कलम. गोव्यात पोर्तुगीज काळात कलमी आंब्यांची जोपासना झाली, आणि आल्फोन्सो हे पोर्तुगीज नाव आपल्या जिभेवर हापूस होऊन बसले. कोय कलम करताना साध्या रायवळ आंब्याच्या कोवळ्या रोपाचा शेंडा कापून त्यावर हापूसची काडी बांधतात. जमिनीतील सारे मूळ रायवळाचे; जमिनीवरचे सारे वैभव हापूसचे. पाणी रायवळ ओढतो, पेटीवर नाव हापूसचे छापले जाते. म्हणजे यजमानही कोणाच्या तरी खांद्यावर उभा आहे. फरक इतकाच की तेथला सांधा जमिनीजवळ आहे आणि काही वर्षांनी तो दिसेनासा होतो. ज्याचा सांधा दिसतो त्याला आपण उपरा म्हणतो, ज्याचा दिसत नाही त्याला मूळनिवासी. हे निरीक्षण आंब्याच्या बागेपुरते मर्यादित नाही.

येथे आमच्या समाजाचा विषय ओघानेच येतो. गोवा आणि बेळगाव येथील मराठी भाषकांची गोष्ट वेगळी. ते कोठून येऊन तेथे राहिले नाहीत, तेथलेच आहेत. पण ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील मराठी माणसाला आपला सांधा ठाऊक असतो. ‘तुम्ही मूळचे कोठले?’ हा प्रश्न सात-आठ पिढ्यांनंतरही विचारला जातो आणि आपण मुकाट्याने त्याचे उत्तर देतो. या प्रश्नाने दुखावून जाण्याचे कारण नाही. मात्र त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावयास हवे. आपले पूर्वज येथे आमरीसारखे आले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. अठराव्या शतकात ते फौजेबरोबर आले. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. हा आधार नव्हे, हा आहार होता, आणि तो माळव्याच्या व गुजरातच्या शेतकऱ्याच्या ताटातून आला होता. ज्या वाड्यांचा आपण अभिमान बाळगतो त्यांच्या दगडांत तो जिरलेला आहे.

परंतु गोष्ट तेथे संपत नाही. महेश्वरचे घाट आणि सयाजीरावांचे बडोदे हेही त्याच इतिहासाचे पुढचे पान आहे. बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, आणि १९१० पासून गावोगाव वाचनालये निघाली. त्या शाळांतून आणि वाचनालयांतून शिकलेली बहुसंख्य मुले गुजराती बोलणारी होती. घेतलेले सारे फिटले, असा हिशेब मांडण्याचा अधिकार घेणाऱ्याला नसतो. तो ज्याच्याकडून घेतले त्याला असतो. मात्र परत देण्याची दिशा तरी तेथे दिसते, आणि आजच्या पिढीला तेवढी दिशा पुरेशी आहे. सत्ता गेली, जहागिऱ्या गेल्या. उरली ती भाषा, एखादे वाचनालय, गणेशोत्सव, नाट्यमंडळी, आणि हे त्रैमासिक. आज आपण जवळजवळ आमरीच्या स्थितीला आलो आहोत. स्थानिकांकडून आपल्याला हवी आहे ती जागा. आहार आपला आपण पाहावयाचा आहे. आपल्या भाषेची वर्गणी शेजाऱ्याकडे मागता येणार नाही.

मग वर राहणाऱ्याचा धर्म कोणता? आमच्या मते तो तिहेरी आहे. एक, आपला भार सतत तोलत राहावा; कारण वडाचे उदाहरण सांगते की प्रारंभीचा निरुपद्रवीपणा ही पुढची हमी नव्हे. दोन, ज्याच्यावर उभे आहोत तो आपल्याआड झाकला जाऊ नये. इंदूरच्या मराठी माणसाने माळवी ऐकलीच नसेल, बडोद्याच्या मराठी घरात गुजराती पुस्तकच नसेल, तर मुळांची जाळी कोठे तरी विणली जाते आहे असे समजावे. तीन, जे घेतले त्याच्या परतफेडीत घेतल्यापेक्षा काही अधिक असावे, आणि ते दिसावेच असा हट्ट नसावा.

खाली उभा असणाऱ्याचाही एक धर्म आहे, आणि तो यापेक्षा सोपा नाही. केवळ ठिकाणावरून कोणाला वृक्षादनी म्हणू नये; आधी वृक्षरुहा म्हणावे आणि मग पाहावे. पाहणे मात्र वेळेवर करावे. भिंतीतल्या रोपाकडे दुर्लक्ष करणे ही सहिष्णुता नव्हे, आणि त्याचा द्वेष करणे ही सावधगिरी नव्हे. या दोहोंच्या मधे शिडी लावून वर चढण्याचे आणि जवळून पाहण्याचे कष्ट आहेत. ते कष्ट टाळण्यासाठीच तर आपल्याला शिव्यांची गरज पडते.

राहता राहिला तो स्वावलंबनाचा प्रश्न. स्वतःच्या मुळांवर उभे राहणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती नीतीची एकमेव कसोटी मानली तर आमरी कायमची नापास होईल आणि ताडाला गिळून जमिनीत पक्का रुजलेला वड पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होईल. असा निकाल देणारी परीक्षाच तपासून पाहावयास हवी. मुळे कोठवर पोहोचली हे पाहून झाले की, त्या मुळांच्या वेढ्यात आत कोणी जिवंत आहे काय, हेही एकदा पाहावे.